तांब्याची लाइन

गेल्या मार्चमध्ये आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता वर्षभरात तिसऱ्यांदा खोदला आणि इंटरनेटची फायबर केबलही तिसऱ्यांदा तुटली. माझी ऑफिसची मीटिंग अर्ध्यावर बंद पडली. मी खाली गेलो आणि खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या मुकादमाला विचारलं, की केबल कुठून जाते याचा काही नकाशा असतो का तुमच्याकडे. तो म्हणाला, "नकाशा असता तर खोदून बघायची वेळ आली असती का, साहेब?"

त्या रविवारी मी घरातलं इंटरनेट दोन लाइनींवर वाटून टाकायचं ठरवलं.

माझं पोटच त्यावर चालतं. मी रियाज अत्तार, वय एकेचाळीस. मगरपट्ट्यातल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, बहुतेक दिवस घरूनच. हडपसरला गाडीतळावरून सासवड रोडला लागलं की थोडं पुढे आमची जुनी चारमजली बिल्डिंग आहे, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं लग्न फार टिकलं नाही, त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली. त्यानंतर घरात अम्मी आणि मी असे दोघंच होतो. मागच्या ऑगस्टपासून मी एकटा.

दुसरी लाइन घरात होतीच. अब्बांनी सत्त्याण्णव साली घेतलेला लँडलाइन फोन आणि त्याच तांब्याच्या तारेवरून येणारं जुनं, मंद ब्रॉडबँड. अब्बा गेल्यावरही अम्मीनं ती लाइन काढू दिली नव्हती. नंबर लोकांना तोंडपाठ आहे, असं तिचं म्हणणं. नंबर तोंडपाठ असलेले लोक एकेक करून गेले, तरी ती दर शुक्रवारी फोनचा डबा ओल्या फडक्यानं पुसायची. अम्मी गेल्यावर लाइन बंद करायचा अर्ज मी भरला होता, दिला मात्र नाही.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून मी दोन लाइनी घेणारा राउटर आणला. घरातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट कुठल्या रस्त्यानं सोडायची हे असा राउटर ठरवतो. नियम आपण लिहून द्यायचे. ऑफिसचं सगळं काम आणि टीव्ही मी फायबरवर टाकलं. तांब्याच्या लाइनीला झेपेल असं एकच काम होतं, ते म्हणजे आलिमाचा रोजचा कॉल. तेवढा मी तिकडून सोडला.

आलिमा माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, इंग्लंडमध्ये लेस्टरला एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. अम्मी होती तेव्हा तिचा फोन रविवारी यायचा. अम्मी गेल्यापासून रोज. तिची जेवणाची सुट्टी साडेबाराला, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. मी माझ्या खोलीत टेबलाशी लॅपटॉपसमोर बसायचो, ती दुकानामागच्या छोट्या खोलीत डबा उघडून. घरात आम्ही हिंदी-मराठी मिसळून बोलतो, इथे मी सगळं मराठीतच लिहितोय. तांब्याच्या लाइनीवरून चित्र जरा धूसर जायचं. आवाज मात्र स्वच्छ.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "कुकर लावलायस का?"

"नाही. का?"

"शिट्टी झाली आत्ता."

"शेजारचा असेल."

ती विचारून विसरली, मीही विसरलो. दुसऱ्या दिवशी तिला स्टीलच्या डब्याचं झाकण पडल्यासारखं ऐकू आलं. त्यानंतर चपला घासत कुणीतरी खोलीतून गेल्यासारखं. "घरात कोणी आहे का, भाईजान?" असं तिनं विचारलं तेव्हा तिच्या सुरात थोडी चेष्टा होती. एवढ्या वर्षांनी मी कुणाला घरी आणलं असेल तर तिला ते आवडलंच असतं.

मी कॉल माझ्या बाजूनं रेकॉर्ड केला आणि हेडफोन लावून दोनदा ऐकला. माझा आवाज, पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न. कुकर नाही, डबा नाही. जुन्या तारांवर दुसऱ्याचं बोलणं मिसळतं हे खरं, पण ते जुन्या टेलिफोनच्या बोलण्यात. इंटरनेटच्या कॉलमध्ये एका घराचा कुकर दुसऱ्या घरात जात नाही. मला कुतूहल वाटलं, तेवढंच. बिघाड सापडत नसला की मला नेहमीच जरा बरं वाटतं.

मग मी चाचणी घेतली. आलिमाला काही सांगितलं नाही. रोज कॉल दोनदा लावायचा, एकदा एका लाइनीनं, मग "आवाज तुटतोय, परत करतो" म्हणून दुसरीनं. आधी कुठली, ते नाणं उडवून ठरवायचं. प्रत्येक वेळी सहज विचारायचं, मागे काही ऐकू येतंय का? पाच दिवसांत दहा कॉल झाले. फायबरवर तिला एकदाही काही ऐकू आलं नाही. तांब्यावर पाचही वेळा आलं. नुसत्या अंदाजानं दहाही उत्तरं जमायची शक्यता हजारात एक असते. मी ते आकडे डायरीत लिहिले.

सहाव्या दिवशी तिनं जेवता जेवता एकदम घास खाली ठेवला. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले.

"काय झालं?"

तिनं हातानंच थांब म्हटलं. मग हळूच म्हणाली, "ती खिडकीतून भाजीवाल्याशी बोलतेय. दोडके कसे दिले विचारतेय."

"कोण?"

"अम्मी."

माझ्यामागची खिडकी बंद होती. मी उठून ती उघडली आणि खाली वाकून पाहिलं. दोडके, वांगी आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन गाडी उभी होती. भाजीवाला वर, आमच्या खिडकीकडे बघत होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली.

मी तर्क सोडला नाही. अम्मीच्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग कुठे उरलंय का ते शोधलं. जुना मोबाइल, लँडलाइनचं आन्सरिंग मशीन, आलिमाच्या लग्नाची सीडी. लग्नाच्या सीडीत अम्मी तीन ठिकाणी दिसते, पण एक शब्द बोलत नाही. तिच्या आवाजाचा तुकडासुद्धा घरात नव्हता. त्या शोधाशोधीतच मला ते पहिल्यांदा कळलं, आणि त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

त्यानंतर आलिमा रोज सांगायची, आणि मी ऐकायचो. अम्मी तांदूळ निवडतेय. अम्मी कुणाला तरी फोनवर सलाम सांगतेय. अम्मी नुसतीच बसलीये, तसबीचे मणी सरकल्याचा आवाज येतोय. मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पण आलिमा बोलायची थांबली की मी श्वास धरायचो.

एके दिवशी ती म्हणाली, "मथुराबाई आल्यात."

मथुराबाई आमच्या शेजारी राहतात. त्या आणि त्यांचे यजमान भीमराव विदर्भातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. अम्मीचं त्यांच्यावाचून पान हलायचं नाही.

"काय म्हणतायत?"

आलिमा ऐकत राहिली. तिचा चेहरा धूसर चित्रातही बदललेला मला कळला.

"दोन घास खा, म्हणतायत."

"आणि?"

"बाकी नीट कळलं नाही," असं म्हणून तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि सुट्टी संपली म्हणाली. अजून वीस मिनिटं होती.

कॉल संपल्यावर मी शेजारची बेल वाजवली. मथुराबाईंनी दार उघडलं. हाताला कणीक लागलेली होती.

"मावशी, आत्ता तुम्ही आमच्याकडे आला होता का?"

"मी? अरे, मी चार वाजल्यापासून पोळ्यांत आहे. ह्यांच्या बहिणीकडची माणसं यायची आहेत." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "रियाज, आत ये. बस जरा."

मी बसलो. त्यांनी हात धुतले, पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. माणूस आठवणींनी कासावीस झालाय असं समजून त्या बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता त्यांनी ती गोष्ट सांगितली.

ऑगस्टमध्ये अम्मीला आणि मला एकाच आठवड्यात डेंग्यू झाला होता. एकाच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खोल्यांत होतो. चौथ्या दिवशी दोघांच्या प्लेटलेट फार खाली गेल्या. दोघांचा रक्तगट एकच, बी निगेटिव्ह, डोनर मिळता मिळत नव्हते. एक पिशवी आधी आली, दुसरी पाच तासांनी. पहिली मला लागली आणि दुसरी येईपर्यंत अम्मीला आतून रक्तस्राव सुरू झाला होता. पहाटे ती गेली. एवढं मला माहीत होतं. मी तापात होतो. पिशव्या जशा आल्या तशा लावल्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

"पहिली पिशवी तिची होती," मथुराबाई म्हणाल्या. "तिचे आकडे तुझ्यापेक्षा खाली होते. सिस्टर पिशवी घेऊन तिच्या खोलीत आली. मी तिथेच होते. तर ही म्हणाली, आधी त्याला लावा. डॉक्टरांनी समजावलं, तर म्हणाली, मला लावलीत तर मी उपटून टाकीन. तुला सांगू नका म्हणून मला आणि ह्यांना शपथ घातली होती. आज मोडली मी."

मी पाण्याचा पेला तसाच हातात धरून होतो. बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल वर चढवत होतं. घरी येऊन मी अम्मीच्या पलंगावर बसलो. काही वेळानं अंधार झाला, तो मला दिव्याच्या खांबामुळे कळला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी आलिमाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही.

"भाईजान, मी तुला एक सांगितलं नाहीये."

"काय?"

"मथुराबाई काल पुढे काय म्हणाल्या ते. त्या म्हणाल्या, तुम्ही उपाशी राहून रियाज परत येणार आहे का, मुमताजभाभी."

पंखा फिरत होता. टेबलावरचा कागद उडाला, तो मी उचलून परत पेपरवेटखाली ठेवला.

"नीट सांग."

"ती तुझ्यासाठी रडते. रोज. तिकडे तू नाहीयेस." आलिमानं नाक पुसलं. "तिकडे पहिली पिशवी तिलाच लागली."

मग तिनं आणखी एक कबूल केलं. मी मधेच असरच्या नमाजला उठायचो, कॉल तसाच चालू ठेवून, आठ-दहा मिनिटं. त्या वेळात एकदा तिला राहवलं नाही आणि तिनं हाक मारली, अम्मी. तिकडचे सगळे आवाज थांबले. मग अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखं, अम्मी म्हणाली, आलिमा? तेव्हापासून त्या दोघी रोज ती दहा मिनिटं बोलत होत्या.

"तिला वाटतं मी तुझ्या लॅपटॉपवर फोन करते. कंपनीनं तो अजून परत नेला नाही म्हणे. तिनं तो उघडाच ठेवलाय. रोज पुसते."

"माझा आवाज तिला ऐकू येत नाही?"

"नाही. तू परवा माझ्याशी बोलत असताना तीही बोलत होती. दोघं एकाच वेळी. तिला कळलंही नाही."

"काय बोलते ती?"

आलिमानं खाली पाहिलं. "एकच. मी म्हणायला हवं होतं, आधी त्याला लावा. तोंडापर्यंत आलं होतं म्हणते. सिस्टर सुई टोचत होती आणि मी गप्प बसले."

त्या दिवसापासून मी नमाज आधी उरकून घ्यायला लागलो आणि पाच वाजता नुसता बसून राहायला लागलो. आलिमा अम्मीशी बोलायची आणि मला फक्त आलिमाची बाजू ऐकू यायची. "हो, गोळी घेतली का?" "नाही गं, इथे थंडी गेली आता." "अम्मी, रडू नको ना." मधल्या रिकाम्या जागांत अम्मी होती. मी त्या जागा मोजायचो. कोणती लांब होती, कोणती तोकडी, यावरून ती काय बोलली असेल ते ओळखायचा प्रयत्न करायचो. त्या खोलीत, त्याच खुर्चीवर, माझ्या अंगावर वाकून ती पडद्याकडे बघत असेल असं मनात आलं की मी खुर्ची थोडी मागे सरकवायचो. तिला जागा व्हावी म्हणून.

मी आलिमाला म्हटलं, "तिला सांग ना, मी इथे आहे. बरा आहे."

"कसं सांगू, भाईजान? तिच्यासाठी तू गेलायस, तुझा चाळीसावाही होऊन गेलाय. तिला काय वाटेल?"

मी बाहीनं लॅपटॉपवरची धूळ पुसली.

एप्रिलच्या मध्याला आलिमानं एक विचित्र गोष्ट सांगितली. अम्मी तिला म्हणाली होती, सकाळी तर रजा मिळत नाही म्हणत होतीस.

"मग?"

"मी सकाळी बोललेच नव्हते. मी म्हटलं, कधी? तर म्हणाली, मोबाइलवर, आज अकरा वाजता." आलिमानं डब्यातला चमचा उगाच फिरवला. "विसरत असेल. वय झालंय."

आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

त्याच आठवड्यात टेलिफोन कंपनीचा मेसेज आला. या भागातल्या तांब्याच्या सगळ्या लाइनी तीस एप्रिलला बंद होणार होत्या. मी त्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुमच्या अख्ख्या गल्लीत तुम्ही एकटेच उरलात. त्या लाइनीवरून काय चालतं तुमचं?"

"घरचा कॉल."

"फायबर आहे ना तुमच्याकडे? त्यावरून होत नाही?"

"होतो."

"मग?"

मी म्हटलं, सहा महिन्यांची मुदत द्या, लागेल ते भरतो. ते म्हणाले, "साहेब, मशीनच उचलून नेणार आहेत. तुमच्यासाठी एक तार हवेत टांगून ठेवू का?" मागच्या रांगेतले दोघं हसले. मी आभार मानून बाहेर आलो. ऑफिसच्या आवारात जुन्या केबलचे तुकडे रचून ठेवले होते. कापलेल्या टोकांतून तांब्याच्या बारीक तारा चमकत होत्या. मी रिक्षात बसेपर्यंत त्यांच्याकडेच बघत होतो.

आलिमानं बातमी शांतपणे ऐकली. तिनं ती आधीच गृहीत धरली असावी. आम्ही ठरवलं की शेवटच्या दिवशी अम्मीला सांगायचं. मी जिवंत आहे, हे नाही. ते तिला पेलणार नाही, यावर आमचं एकमत झालं होतं. फक्त पिशवीचं सांगायचं. तू म्हणालीस, अम्मी. तू गप्प बसली नाहीस. तू म्हणालीस, आधी त्याला लावा, आणि त्याला लावली. हे आलिमाला कसं माहीत, असं ती विचारेल. तर म्हणायचं, स्वप्नात पाहिलं. अम्मीचा स्वप्नांवर विश्वास होता.

वाक्य मी कागदावर लिहून काढलं आणि आलिमाला पाठवलं. तिनं दोन शब्द बदलले.

तीस तारखेला मी दुपारपासून काही काम केलं नाही. उकाडा फार होता. दोन वाजल्यापासून वीज गेलेली होती, राउटर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू होते. खिडकी उघडी ठेवली तर रस्त्याची धूळ आत येत होती, म्हणून मी ती लावून घेतली आणि पडदा सोडला. हवा जागची हलत नव्हती. पाचला दोन मिनिटं असताना मी नियम पुन्हा तपासला. कॉल तांब्यावरून जाणार होता. लाइन चालू होती.

आलिमा त्या दिवशी दुकानात नव्हती. रजा घेऊन घरीच बसली होती. डोक्यावरून ओढणी घेतली होती. डोळे सुजलेले.

"आहे का ती?" मी विचारलं.

तिनं कान दिला. "आहे. भांडी आवरतेय." मग थोड्या वेळानं, "कुणाशी तरी बोलतेय."

"मथुराबाई?"

"नाही वाटत. दुसरं कुणीतरी आहे. हळू बोलतायत."

"थांबायचं का?"

"किती वेळ थांबणार?"

खरं होतं. लाइन सहा वाजता बंद होणार होती. मी मान हलवली.

आलिमानं श्वास घेतला आणि हाक मारली. "अम्मी."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अम्मी, मी आलिमा."

ती ऐकत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. ती माझ्याशी, ओठ फारसे न हलवता बोलायला लागली.

"ती गप्प झाली... आता म्हणतेय, ऐकलंस? ... तिच्याशेजारी जी आहे तिला विचारतेय. ऐकलंस का तू?"

"कोण आहे शेजारी?"

आलिमाचा हात ओढणीच्या टोकाशी गेला आणि तिथेच राहिला.

"आलिमा, कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"माझाच आवाज आहे, भाईजान. मी म्हणतेय, कोण बोलतंय, अम्मी? हे कोण बोलतंय?" तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. "मी काल रात्रीच तिथे आलीये. मला रजा मिळाली. मी तिला न्यायला आलीये."

पडद्यामागून उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली होती. तिच्यात धूळ तरंगत होती.

"बोल," मी म्हटलं. "ते वाक्य बोल, आलिमा. पटकन."

"अम्मी," ती म्हणाली, "अम्मी, ऐक ना. तू गप्प बसली नाहीस. तू म्हणालीस, आधी त्याला..."

ती थांबली.

"बोल ना."

"ती घाबरलीये."

"तरी बोल."

"तू म्हणालीस, अम्मी. त्याला लावली पिशवी. त्याला..." आलिमा आता रडत होती आणि तिचं रडणं मला दोन्ही कानांत स्वच्छ ऐकू येत होतं. "ती ऐकत नाहीये. तिनं पढायला सुरुवात केलीये."

"काय पढतेय?"

"आयतुल कुर्सी."

अम्मीला घरात कसली भीती वाटली, आम्ही झोपेत दचकलो, रिकाम्या खोलीत काही वाजलं, की ती कुराणातली ही आयत पढायची. घरात नको ते काही शिरलं असेल तर ते त्यानं निघून जातं, असं ती मानायची. पढून झालं की त्या दिशेला तोंड करून तीनदा फुंकर मारायची.

आलिमानं चेहरा दोन्ही हातांत लपवला होता. हेडफोन तिनं काढले नव्हते.

मी हललो नाही. मनातल्या मनात मीही तीच आयत म्हणत होतो, तिच्याबरोबर, तिच्या वेगानं. तिचा वेग मला ठाऊक होता. ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते.

"संपली," आलिमा हातांआडून म्हणाली.

पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

माझ्या कपाळावर हलकी, कोमट फुंकर आली. थोडं थांबून दुसरी. मी खुर्ची मागे घेतली नाही. तिसरीच्या वेळी पापण्यांवर ऊब जाणवली आणि माझे डोळे आपोआप मिटले.